परदेशी कर्ज वाचावं ते उसाच्या बिलासारखं

करवीर-कागलकडच्या ऊसकऱ्याला हे शिकवायला लागत नाही: कारखान्याचं बिल निघालं की सोसायटीची वसुली आधी कापली जाते, उरेल ते खात्यावर. बंदर-रेल्वेसाठी कर्ज काढलेल्या देशांचंही असंच बघायचं. 'एकूण इतके अब्ज डॉलर कर्ज' या आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

आधी वर्षाचा हप्ता काढा. जागतिक बँकेच्या कर्ज-आकडेवारीत देशवार मुद्दल आणि व्याज फुकट बघायला मिळतं. दोन्हींची बेरीज करून निर्यातीच्या कमाईने भागा. मुद्दल १२० कोटी डॉलर, व्याज ६० कोटी, निर्यात १,००० कोटी, तर प्रमाण १८ टक्के. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेने गरीब देशांसाठी, कर्ज पेलायच्या ताकदीनुसार, घातलेली मर्यादा कमकुवत देशाला १०, मध्यमला १५, भक्कमला २१ टक्के. मध्यम देश असेल तर रेषा ओलांडली म्हणा. एकाच वर्षावर थांबू नका, पुढची दहा वर्षं मांडा. सुरुवातीच्या सवलतीच्या वर्षांत फक्त व्याज जातं, त्यामुळे प्रमाण फसवं दिसतं. रोख्यांचं (बाजारात विकून उभ्या केलेल्या कर्जाचं) मुद्दल तर बहुतेकदा एकरकमी येतं. केनियाचे २०० कोटी डॉलरचे रोखे जून २०२४ ला फेडायचे होते. त्यासाठी फेब्रुवारीतच ९.७५ टक्क्यांनी १५० कोटींचे नवे काढावे लागले.

मग चलन. शिरोलीच्या फौंड्रीचं कास्टिंग डॉलरमध्ये विकलं जात असेल तर तिला डॉलरचं कर्ज पेलतं. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल मात्र स्थानिक चलनात येतं. श्रीलंकेत २०२२ मध्ये मार्च ते मे डॉलर सुमारे २०० रुपयांवरून ३६० वर गेला. एक कोटी डॉलरचा हप्ता २०० कोटींचा ३६० कोटी रुपये झाला, डॉलरमधला हप्ता वाढला नसताना. (तिथलं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ११२ कोटी डॉलरना दिलं, म्हणून त्याचं कर्ज माफ झालं, असं अजून ऐकू येतं. झालं नव्हतं. ती रक्कम परकीय गंगाजळीत गेली.)

करार हाती लागला तर वसुली खात्याचं कलम शोधा. प्रकल्पाचा महसूल आधी तिथे जमा होत असेल, तर तो सोसायटीचा पहिला हात. बाकीचे सावकार रांगेत मागे, आणि कर्जाच्या अटी नव्याने ठरवायच्या वेळी बोलणी इथेच अडतात.

शेवटी सरकारी कंपन्यांच्या कर्जाला सरकारने दिलेल्या हमींची यादी मिळवा. मोझांबिकमध्ये अशी शंभर कोटी डॉलरहून जास्त लपलेली कर्जं २०१६ मध्ये उघड झाली आणि नाणेनिधीने मदत थांबवली. हमी दिलेल्या कर्जांचा वर्षाचा हप्ताही धरून वरचा भागाकार पुन्हा करा.