ओढ्याकाठी तंबू ठोकणाऱ्यांनो, या चुका टाळा

लॉस एंजेलिसहून 395 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे निघाले की साडेचार तासांत बिशप गाव येते. तिथे डावीकडे वळून डोंगर चढू लागले की इन्यो नॅशनल फॉरेस्टमधली ओढ्याकाठची कॅम्पग्राउंड एकामागून एक लागतात. गेली अनेक वर्षे मी दर उन्हाळ्यात या रस्त्याने जातो आणि बहुतेक वेळा एखादे नवखे मराठी कुटुंब सोबत असते. कुटुंबे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. त्यांतल्या काही किरकोळ आहेत, पण एक अशी आहे की तिच्याबद्दल बोलून बोलून माझा घसा बसला आहे.

ती चूक म्हणजे तंबू अगदी पाण्याला लागून ठोकणे. दुपारी तीन वाजता पोचलेल्या माणसाला ओढा घोट्याएवढा दिसतो, काठावर वाळूची सपाट जागा असते, आणि पाण्याच्या आवाजात झोपावे म्हणूनच तर तो इतक्या लांब आलेला असतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची इथे आणखी एका कारणाने फसगत होते. आपल्याकडे ओढ्याला पाणी चढते ते पावसाने, त्यामुळे आभाळ बघून अंदाज बांधायची सवय डोळ्यांना लागलेली असते. सिएरा नेवाडा या इथल्या पर्वतरांगेत मे-जूनमध्ये ओढा चढतो तो मात्र निरभ्र आकाशाखाली, कारण त्याचे पाणी वरच्या बर्फातून येते. भर उन्हात वितळलेले हे पाणी खाली पोचायला काही तास घेते. त्यामुळे ओढा रात्री फुगलेला असतो आणि सकाळी उतरलेला. दुपारी दिसलेली पातळी ही त्या दिवसाची कमाल पातळी आहे असे समजणे म्हणजे भरतीची वेळ न पाहता किनाऱ्यावर पथारी टाकण्यासारखे आहे.

काही वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका शनिवारी, आम्ही तीन कुटुंबे बिशप क्रीकच्या दक्षिण फाट्यावर सुमारे 8,000 फुटांवर उतरलो होतो. त्यांतल्या एका तरुण जोडप्याने आठ माणसांचा नवा कोरा तंबू आणला होता. तंबूसाठी सारवून ठेवल्यासारखी आखीव जागा असताना त्यांनी तो खाली वाळूत ठोकला आणि शिवाय दुधाचा कॅन व श्रीखंडाचा डबा "नैसर्गिक फ्रिज" म्हणून ओढ्यात दोन दगडांच्या मध्ये ठेवला. मी म्हटले, "अरे, तंबू वर घे, रात्री पाणी चढेल." तो हसून म्हणाला, "काका, एक ढग तरी दिसतोय का?" मी पुन्हा सांगितले नाही, याचा मला आजही थोडा पश्चात्ताप होतो, पण थोडाच. रात्री साडेदहाच्या सुमारास त्याची बायको विजेरी घेऊन आमच्या तंबूपाशी आली, तेव्हा त्यांच्या गाद्यांखाली पाणी शिरले होते. आम्ही सहा जणांनी तो तंबू सामानासकट उचलून वर आणला आणि त्या दोघांनी उरलेली रात्र गाडीत काढली. कॅन सकाळी पन्नास पावलांवर झुडपात अडकलेला मिळाला, श्रीखंड मात्र ओवेन्स नदीच्या दिशेने गेले ते गेलेच.

तिथे पाणी हळूहळू चढले, म्हणून त्या प्रसंगावर हसता येते. पावसाच्या प्रदेशात तेवढी सवड मिळत नाही. 11 जून 2010 च्या पहाटे आर्कान्सा राज्यातल्या वॉशिटा नॅशनल फॉरेस्टमध्ये, अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडपाशी, लिटल मिझुरी नदी काही तासांत सुमारे चार फुटांवरून 23 फुटांच्या वर गेली. लोक झोपेत होते, मोबाइलला रेंज नव्हती, आणि त्या पुरात 20 जण मरण पावले.

माझी पद्धत अगदी साधी आहे. पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी मी काठाने दहा मिनिटे फिरतो. झुडपांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा आणि एकाच दिशेला आडवे झालेले गवत कुठवर आहे ते पाहतो, कारण पाणी पूर्वी कुठवर आले होते ते त्यावरून कळते. मग पाण्याच्या कडेला एक काटकी रोवतो आणि जेवणानंतर ती कुठे आहे ते पाहतो. नेमून दिलेल्या जागेतही तंबू ओढ्यापासून जितका दूर नेता येईल तितका नेतो. यात आणखी एक लाभ आहे. रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि ओढ्यालगतचा तंबू पहाटे आतून ठिबकू लागतो, पण वीस-तीस पावले वर गेले तरी फरक जाणवतो. ओढा ओलांडून पलीकडे फिरायला जायचे असेल तर सकाळी जाऊन लवकर परता, नाहीतर सकाळी सोपी वाटलेली वाट संध्याकाळी बंद झालेली असते.

दुसरी चूक स्वयंपाकातली आहे, आणि ती खास आपली आहे. नऊ हजार फुटांवर पाणी सुमारे 91 अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही वेळ खदखदली तरी कणी राहतेच. "हलके सामान" या नव्या व्रतापायी कुकर घरी ठेवून आलेल्या एका गृहस्थांनी रॉक क्रीकला वरणासाठी दोन तास गॅस जाळला आणि शेवटी आम्ही सर्वांनी पिवळ्या पाण्यातली टणक डाळ, तोंडदेखले कौतुक करत, भातासारखी चावून खाल्ली. त्यांचा भातही तसाच होता. मी तीन लिटरचा कुकर नेतो, डाळ घरूनच भिजवून बर्फाच्या पेटीत ठेवतो आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त करतो. नुसते पाणी घालून होणारी पाकिटे खाऊन समाधान मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही, परंतु त्यांनी माझ्या वरणाकडे बघू नये. ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी स्वस्त शेगडी आणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पारा शून्याजवळ गेला की तो वायू डब्यातून नीट बाहेर येत नाही, आणि पहाटेचा चहा नेमका तेव्हाच हवा असतो. प्रोपेनला ही अडचण येत नाही.

भांडी ओढ्यात घासू नयेत. "हा साबण निसर्गात विरघळतो" असे बाटलीवर लिहिले असले तरी त्याचे विघटन मातीत व्हायचे असते, वाहत्या पाण्यात नव्हे. पाणी बादलीत घेऊन काठापासून दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर पावले, दूर जावे. तेच स्वच्छ दिसणारे पाणी पिताना मात्र जिआर्डियाची, म्हणजे जुलाब घडवणाऱ्या सूक्ष्म परजीवीची, आठवण ठेवावी. ते गाळून घ्यावे किंवा खळखळून उकळावे, आणि या उंचीवर तीन मिनिटे उकळावे.

अस्वलांविषयी लोक प्रश्न फार विचारतात आणि काळजी कमी घेतात. इथली सगळी अस्वले काळ्या अस्वलाच्या जातीची असतात, जरी त्यांतली बरीचशी दिसायला तपकिरी असली तरी. प्रत्येक जागेजवळ लोखंडी पेटी असेल तर अन्न तिच्यातच ठेवावे, गाडीत नाही. अन्न म्हणजे फक्त पोळीभाजी नव्हे. टूथपेस्ट, खोबरेल तेल, उदबत्ती, बाळाचे वापरलेले डायपर आणि रिकामा कुलरसुद्धा त्यात आले. बहुतेक वेळा घोळ होतो तो मुलाच्या दप्तरात राहिलेल्या चिवड्याच्या पुडीने.

शेकोटी वाळूने बुजवणे हा आळशी माणसाचा शोध आहे. वाळूखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी त्यावर एखादे पोर अनवाणी पाय देते. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि राखेला हाताची पालथी बाजू लावता येईपर्यंत झोपायला जाऊ नये. मी बादली भरून ठेवल्याशिवाय काडी ओढत नाही आणि झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणे थांबवतो. लाकूड घरून नेऊ नये, तिथेच विकत घ्यावे, कारण दक्षिण कॅलिफोर्नियातली ओकची हजारो झाडे मारणारा भुंगेरा असाच सरपणातून पसरला. शेकोटीवर त्या आठवड्यात बंदी आहे का, हे निघण्यापूर्वीच तपासावे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. तंबूभोवती चर खणू नका, ते अयोग्यही आहे आणि निरुपयोगीही. तंबू ठोकण्यापूर्वी वर बघा, वाळकी फांदी वाऱ्याची वाट बघत असते. बिशपमध्ये दुपारी 36 अंश होते म्हणून पातळ पांघरूण आणू नका. अंगाखालची चटई पांघरुणाइतकीच महत्त्वाची असते. नॅशनल फॉरेस्ट आणि नॅशनल पार्क यांत गल्लत करू नका: फॉरेस्ट कृषी खात्याकडे आहे, आणि गरम पाण्याची अंघोळ, दुकान वा रेंज यांची अपेक्षा तिथे धरू नये. काही ठिकाणी शुल्क पाकिटात घालून लोखंडी नळीत टाकावे लागते, म्हणून सुटे पैसे आणि पेन जवळ ठेवा. रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवा, मग त्यावर अभंग का लागलेले असेनात.

आणि परतताना ओला तंबू पिशवीत कोंबून तो पुढच्या वर्षापर्यंत गराजमध्ये टाकू नका. मी घरी पोचलो की अंघोळीच्याही आधी तो अंगणात पसरतो. बुरशीचा वास लागलेला तंबू पुन्हा सुधारल्याचे मी पाहिलेले नाही, आणि ज्यांचा तंबू असा बिघडतो ते पुढच्या जूनमध्ये माझा मागायला येतात.