एअरबॅग उघडलेली गाडी रिपेअर होऊन आली? ताब्यात घेताना या चुका टाळा

ॲक्सिडेंटनंतर गाडी परत मिळाली की सगळे पेंट मॅच झालाय का तेच बघतात, आणि एअरबॅगचं विचारलं की गॅरेजवाला म्हणतो, "लाइट बंद आहे ना साहेब, मग सगळं ओके." प्लीज एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

डॅशबोर्डवरची एअरबॅगची वॉर्निंग लाइट बंद असणं पुरेसं नाही, ती आधी पेटली पाहिजे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, बहुतेक गाड्यांत काही सेकंद पेटून ती आपोआप विझते. पेटलीच नाही, किंवा इंजिन चालू केल्यावर ऑइलच्या लाइटबरोबरच विझली, तर वायरिंगमध्ये काहीतरी केलंय असं समजा.

आणि लाइट बरोबर वागली तरी बॅग आत आहेच असं नाही! मॉड्यूल (एअरबॅग कंट्रोल करणारा छोटा कॉम्प्युटर) फक्त सर्किटचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बघतो, त्यामुळे बॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा साधा रेझिस्टर लावला तरी तो फसतो. असं का करतात, तर इन्शुरन्समध्ये एअरबॅगवर 50 टक्के डेप्रिसिएशन (जुनं झाल्याची घट) कापतात, झिरो डेप (ही घट न कापणारं ॲड-ऑन कव्हर) नसेल तर अर्धा खर्च आपल्या खिशातून, मग कोणीतरी "स्वस्तात करून देतो" म्हणतो. म्हणून पार्ट नंबरसकट बिल मागा, नवीन बॅगचा बॉक्स आणि बसवतानाचे फोटो मागा, डॅशबोर्डवर बॅगच्या झाकणाची कड फिलरने बुजवलीय का ते हात फिरवून बघा.

सीटबेल्ट तर सगळेच विसरतात. बॅगेबरोबर बेल्टचा प्रीटेन्शनरही (धडकेच्या वेळी बेल्ट झटक्यात घट्ट ओढणारा भाग) बऱ्याचदा फुटतो, तोही बदलावाच लागतो, बेल्ट अडकत असेल किंवा नीट गुंडाळला जात नसेल तर गाडी घेऊच नका.

लाइट सतत पेटून राहत असेल आणि हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद असतील तर बहुतेक क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमागची गुंडाळलेली वायरची पट्टी, जिच्यातून एअरबॅग, हॉर्न आणि बटणांचं कनेक्शन जातं) गेलीय, स्टिअरिंग काढून परत लावताना ती सेंटर केली नाही की तुटते. सीट काढली होती का तेही विचारा, सीटखालचा एअरबॅग सिस्टिमचा पिवळा कनेक्टर सैल राहिला तरी लाइट येते. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) बरेचदा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅग मॉड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरवर रिपोर्ट काढून घ्या. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना स्वतः मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, बॅग तोंडावर फुटू शकते.