सेकंडहँड स्कूटर घरी रंगवताय? आधी पॅनल उलटे करून बघा

मुलीला युनिव्हर्सिटीत जायला म्हणून आम्ही एक वापरलेली स्कूटर घेतली. इंजिन छान होतं, पण अंगावर ओरखडे आणि खालच्या कडेला गंज, म्हटलं घरीच रंगवू. साइडचा पत्रा काढून उलटा केला तर आतल्या दुमडीत वाळलेला राखाडी गाळ, बोटानं खरवडला की ढलपीच निघायची. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं होतं, बहुतेक तेव्हा ही गाडी पाण्यात उभी असणार, विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगतो की रंगाचा डबा आणायच्या आधी सगळे पॅनल उतरवा आणि आतून बघा, कारण गंज पत्रा आतून खात असेल तर वरून कितीही भारी रंग मारा, थोड्या दिवसांत फुगे येऊन पापुद्रे सुटणारच.

पॅनल काढताना घाई नको. प्लॅस्टिकच्या खाचा जुन्या गाडीत कडक झालेल्या असतात, थंडीच्या सकाळी ओढल्या की कट्कन तुटतात, म्हणून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग हळू सोडवा. स्क्रू एका वाटीत गोळा करू नका, सगळे वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पॅनलचं ओबडधोबड चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवायचा. लावताना दुवा द्याल.

आता प्रत्येक तुकड्याला चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर प्लॅस्टिक, आणि दोघांची तयारी वेगळी. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात एबीएस किंवा पीपी असा प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो. एबीएसवर प्लॅस्टिक प्रायमर चालतो, पण पीपीवर रंग धरतच नाही, त्यासाठी आधी अ‍ॅडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंग चिकटायला मदत करणाऱ्या लिक्विडचा, हात मारावा लागतो. आणि प्लॅस्टिकवर थिनर चोळू नका, मऊ पडतं.

भांड्याच्या साबणानं सगळं दोनदा धुवा. आधीच्या मालकानं चकाकीसाठी सिलिकॉनवालं पॉलिश लावलेलं असेल तर ते नुसत्या पाण्यानं जात नाही, आणि रंग मारल्यावर त्या जागी गोल गोल खड्डे पडतात, रंग तिथून सरकतो. आमच्या पुढच्या मडगार्डला हेच झालं, अख्खा कोट घासून काढावा लागला. म्हणून मेण-ग्रीस काढायचं लिक्विड स्वच्छ फडक्यानं लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा. सँडपेपर मारायच्या आधीही आणि नंतरही.

खरी मेहनत घासण्यात आहे. गंज तारेच्या ब्रशनं आणि ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, दुमडीत ब्रश पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज निष्क्रिय करणारं लिक्विड, लावा. पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर पुट्टीनं बुजवू नका, वेल्डिंगवाल्याकडे न्या किंवा पॅनलच बदला. खोल ओरखड्यात पुट्टी म्हणजे आपली लांबी भरायची, हार्डनर अगदी थोडा घाला, शंभराला दोन भाग इतकाच, आणि एका वेळी लिंबाएवढीच कालवा कारण काही मिनिटांतच घट्ट व्हायला लागते. मग १८०, ३२०, आणि शेवटी पाणी लावून ६०० चा वॉटर पेपर. झालं का ते बघायला डोळे मिटून बोटं फिरवा, डोळ्याला न दिसणारी कड बोटाला बरोबर लागते.

प्रायमरचे दोन पातळ कोट, वाळल्यावर परत ६०० किंवा ८०० चा हलका हात, मग रंग. स्प्रेचा डबा आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. आठ-दहा इंचांवरून, स्प्रे पॅनलच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा. पहिला कोट विरळ आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसला तरी तसाच राहू द्या. एकदम भरून मारलं की ओघळ येतात. तीन-चार कोट, मध्ये दहा-दहा मिनिटं.

हवेचं म्हणाल तर पावसाळ्यात बडोद्यात हे काम काढूच नका. मी श्रावणातल्या एका दुपारी पाऊस थांबलाय बघून एक पॅनल मारला, दहा मिनिटांत सगळ्यावर दुधाळ धुरकटपणा आला, कारण रंगातला थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, दव उडाल्यावर साडेदहा-अकराला गच्चीवर सुरू करा, पण उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास नको, तेव्हा गच्ची पतंगवाल्यांची असते आणि धूळही खूप. जवळ गॅस, अगरबत्ती, काहीही पेटतं नको. कापडी मास्कनं भागत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क घ्या. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर (रंगावरचा पारदर्शक कोट) घरी मारूच नका, त्यातलं आयसोसायनेट नावाचं रसायन फुप्फुसाला फार वाईट, ते काम बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या.

मुलीला फिरोजी रंग हवा होता. पण आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, म्हणून आम्ही मूळचाच ठेवला आणि तिनं हेल्मेट फिरोजी घेतलं.

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा असतो, निदान आठवडाभर पॅनल लावू नका, वॅक्स तर महिनाभर नकोच. लावताना सगळे स्क्रू आधी अर्धेच फिरवा, पॅनल नीट बसला की मग घट्ट आवळा. आणि डब्यातला साधा क्लिअर मारला असेल तर पंपावर झाकणापाशी फडकं धरा, पेट्रोलचा थेंब पडून राहिला की तिथला क्लिअर मऊ होऊन डाग पडतो.