आईसवाईनचा ३० मिलीचा घोट: या चुका टाळा

कूपन दिलं, ग्लासात खोकल्याच्या औषधाच्या दोन-तीन टोपणांएवढी सोनेरी वाईन पडली आणि दाजींनी ती एका दमात संपवली. "गोड आहे," एवढंच म्हणाले आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

ही गोष्ट जानेवारीतली, कॅनडातल्या नायगरा-ऑन-द-लेक या गावातली. हिवाळ्यात तिथे आईसवाईनचा, म्हणजे वेलीवर गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाईनचा महोत्सव भरतो. वाइनऱ्यांचे स्टॉल लागतात, शेजारी खाण्याच्या शेगड्या धुरत असतात आणि एरवी आपण विकत घ्यायला कचरू अशा वाईनचे एकेक औंसाचे, म्हणजे साधारण ३० मिलीचे घोट चाखायला मिळतात. निफाडकडे तीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या माणसाला त्या घोटात नुसती गोडी सापडावी, याचं मला फार वाईट वाटलं. पण त्यात दाजींचा काय दोष? हवा उणे ९ अंश, बाटली तासभर उघड्यावर आणि तोंडात नुकतीच विरघळलेली पुदिन्याची गोळी. आधी सांगायला हवं होतं ते मीच. त्या दिवसात पुढे एकेक गोष्ट सुधारत गेलो, ती इथे मांडते आहे. नाशिकला एखाद्या टेस्टिंगमध्ये लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ (शेनिन ब्लाँ जातीच्या उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन) चाखणार असाल, तरी यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल.

ग्लासात काय आहे हे न विचारता पिणं

सगळ्यात मोठी चूक हीच. या वाईनसाठी घड काढणीच्या हंगामात तोडतच नाहीत. बाकीची बाग रिकामी होते आणि हे घड पक्ष्यांपासून वाचवायला जाळी लावून डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवर लटकत ठेवतात. पारा उणे ८ अंशांवर किंवा त्याखाली आला की मगच तोड करायची, असा ऑन्टारिओचा, म्हणजे नायगराच्या प्रांताचा नियम आहे. तोड बहुतेक रात्री होते. मणी गोट्यांसारखे टणक झालेले असतात आणि ते तसेच गोठलेले दाबतात. मण्यातलं पाणी बर्फ होऊन आतच राहतं, आणि साखर, आंबटपणा, वास यांनी दाटलेला रस तेवढा सावकाश गळतो. एरवी जितका रस निघाला असता त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर समाधान मानायचं. शिवाय त्या रसाची साखर किमान ३५ ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण ३५ ग्रॅम, भरायला हवी.

हा आकडा ऐकून दाजी जागच्या जागी थांबले. "पस्तीस? आमच्याकडं अठरा-वीसला तोड चालू होती." मग बराच वेळ निफाडच्या थंडीबद्दल बोलत राहिले. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मण्यांना तडे जायची धास्ती, पहाटे उठून बागेत शेकोट्या करायच्या, ठिबक चालू करायचं. "ज्या थंडीला आम्ही भितो, तिची ही माणसं रात्र-रात्र वाट बघतात," म्हणाले.

वाट बघूनही हाती काही लागेलच असं नाही. इनिस्किलिन वाइनरीच्या कार्ल कायझर यांनी १९८३ मध्ये आईसवाईनसाठी घड राखले, ते पक्ष्यांनी फस्त केले. पुढच्या वर्षी जाळी लावली आणि १९८४ ची वाईन बनली. त्याच वाइनरीच्या विदाल जातीच्या द्राक्षांपासून बनवलेल्या १९८९ च्या आईसवाईनला १९९१ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या व्हिनएक्स्पो प्रदर्शनात सर्वोच्च बहुमान मिळाला आणि नायगराचं नाव जगभर गेलं. हे सगळं सांगून झाल्यावर दाजींनी दुसरा ग्लास घेतला तो दोन्ही हातांत धरून.

म्हणून स्टॉलवर दोन प्रश्न विचाराच: द्राक्ष कुठल्या जातीचं आणि वर्ष कुठलं. गर्दी कमी असेल तर लिटरमागे साखर किती उरली आहे तेही विचारा. ओतणाऱ्या माणसाला या प्रश्नांचा आनंदच होतो, असा माझा अनुभव आहे.

"वासच येत नाही"

थंडीतल्या महोत्सवात ही तक्रार हमखास ऐकू येते. वाईन बर्फासारखी गार असली की तिचा वास उठत नाही, जिभेवर नुसता गोड-आंबट ठसा उमटतो. गोड वाईन १० ते १२ अंशांना छान बोलते. उपाय साधा आहे. हातमोजे काढा, ग्लासाचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत धरा आणि तीन-चार मिनिटं थांबा. मधूनमधून हलकेच फिरवून नाकाशी न्या. दाजींच्या ग्लासातून आधी मध आला, मग सुकलेलं जर्दाळू, आणि मग त्यांनी मान वर केली. "साखरांबा! आई कैरीचा करायची तसला."

त्याहून नेमका शब्द मला सापडला नसता. साखरांब्यात पाकाखाली कैरीचा आंबटपणा उभा असतो, म्हणून तो कंटाळवाणा होत नाही. चांगल्या आईसवाईनचंही तसंच. आंबटपणा नसेल तर उरतो नुसता पाक.

आपल्याकडच्या फेब्रुवारीच्या दुपारी अडचण उलटी असते. टेबलावर ऊन खात पडलेली गोड वाईन चिकट आणि जड लागते. अशा वेळी संकोच न करता बर्फाच्या बादलीतली बाटली मागा.

नाक आणि ओठ तयार न ठेवणं

सेंट, सॅनिटायझर, च्युइंग गम, बडीशेप, पान, सिगारेट यांपैकी काहीही तासभर आधीपासून नको. थंडीच्या ठिकाणी आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे लिप बाम. मेंथॉलचा बाम ग्लासाच्या कडेला लागला की पुढचे सगळे घोट विक्सच्या डबीसारखे लागतात. आधी ओठ पुसा, ग्लासाची कड पुसा. आणि शेगडीच्या धुराच्या वाऱ्यात उभं राहून वास घेऊ नका, स्टॉलपासून दहा पावलं बाजूला या.

एका घोटात संपवणं

३० मिली म्हणजे चहाचे सहा चमचे. त्यातून पाच-सहा घुटके निघतात, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. पहिला घुटका तोंड तयार करण्यासाठी, त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा जिभेवर पसरू द्या, तोंडातून जरा हवा आत ओढा, मग गिळा किंवा थुंका, आणि मनात आकडे मोजा. चव किती वेळ मागे राहते यावर वाईनचा दर्जा बराचसा कळतो. उत्तम आईसवाईनची चव अर्ध्या मिनिटाहून जास्त रेंगाळते. तिसरा घुटका काहीतरी खारं खाऊन घ्या. उरलेली वाईन पाच मिनिटांनी, ग्लास थोडा उबदार झाल्यावर.

थुंकायला आपल्याला फार जड जातं, अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटतं. पण टेस्टिंगमध्ये त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं आणि वाइनरीतले लोक स्वतः तेच करतात. मी प्रत्येक वाईनचा एक घुटका गिळते, बाकीचे थुंकते.

गोडापासून सुरुवात

जिलेबी खाल्ल्यावर चहा पानचट लागतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी महोत्सवात शिरल्या शिरल्या माणसं सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग स्टॉल गाठतात आणि मग दिवसभर बाकीच्या वाईन आंबट लागल्याची तक्रार करतात. आधी कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाईन, मग लेट हार्वेस्ट, मग आईसवाईन. आईसवाईनमध्येही स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) असेल तर ती आधी, मग द्राक्षांच्या जातींप्रमाणे रीसलिंग, मग विदाल, आणि लाल काबर्ने फ्रां शेवटी. दोन वाईनच्या मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. ग्लास पाण्याने विसळलात तर नीट निथळू द्या. इतक्याशा वाईनमध्ये तळाचे पाण्याचे थेंबही तिला पातळ करतात.

गोडासोबत गोड

संक्रांत जानेवारीतच येते, म्हणून त्या वर्षी मी हौसेने पर्समध्ये तिळगुळाची डबी नेली होती. आईसवाईनसोबत किती छान लागेल, अशी खात्री होती. एक लाडू खाल्ला, वर घुटका घेतला, आणि वाईन साखर विसरलेल्या लिंबू सरबतासारखी लागली. खाणं वाईनपेक्षा गोड असलं की वाईनची गोडी पुसली जाते आणि आंबटपणा तेवढा उरतो. गुलाबजाम, बासुंदी, चॉकलेट केक यांसमोर हेच होतं.

जोडी जुळते ती खाऱ्याशी. फ्रान्समध्ये सोतेर्न या गोड वाईनसोबत रोकफोरसारखं निळ्या बुरशीचं खारट चीज देतात ते याचसाठी. चीज आवडत नसेल तर खारवलेले काजू, खारे शेंगदाणे, कमी तिखटाचा चिवडा. दाजींनी शेजारच्या स्टॉलवरून खारे बदाम आणले, आणि त्या दिवसातला सगळ्यात चांगला घोट आम्ही त्यांच्यासोबत घेतला. रिकाम्या पोटी मात्र जाऊच नका, पोळी-भाजी खाऊन निघा.

गोड म्हणजे सौम्य, हा समज

गोडीखाली मद्य लपतं. आईसवाईनमध्ये साधारण ९ ते १२ टक्के असतं. पोर्तुगालच्या पोर्ट या गोड वाईनमध्ये द्राक्षाचं स्पिरिट मिसळलेलं असल्याने २० टक्क्यांच्या आसपास. ३० मिलीचे आठ घोट म्हणजे २४० मिली. ११ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात २१ ग्रॅम मद्य गेलं, पोर्ट असेल तर ३८ ग्रॅम. ऑन्टारिओत १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम सापडलं तरी लायसन्स तिथल्या तिथे निलंबित होतं. भारतात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. न पिणारा चालक आधी ठरवा, नाहीतर बसने जा. त्या दिवशी गाडी माझ्या नवऱ्याने चालवली आणि त्याने एक थेंबही घेतला नाही.

साखरेचाही हिशेब करा. लिटरला २०० ग्रॅम धरली तर एका घोटात ६ ग्रॅम, आठ घोटांत ४८ ग्रॅम, म्हणजे सुमारे बारा चमचे. आपल्या घरांत मधुमेह किती आहे ते सांगायला नको. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे काही तासांनी धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नकोच.

खराब आहे की अशीच असते?

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास आला तर कॉर्कमुळे बाटली बिघडली आहे. शांतपणे सांगा, दुसरी उघडतील. नेलपॉलिशची हलकीशी झाक गोड वाईनमध्ये असू शकते, पण वास नाकात झोंबला तर तो दोष. तळाशी चकाकणारे खडे दिसले तर ती साखर नाही आणि काचही नाही. ते टार्टरिक आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. दोन वर्षांची विदाल तपकिरी दिसली तर हवा लागून ती उतरली आहे. पंधरा वर्षांची असेल तर तो रंग वयाचा. व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली) चाखताना बाटली कधी उघडली ते नक्की विचारा. ती एक-दोन दिवसांत उतरते, पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट मात्र आठवडेही टिकते.

नावाला भुलणं

कॅनडात 'आईसवाईन' हा एक शब्द बाटलीवर लिहायचा तर द्राक्षं वेलीवरच, निसर्गाच्या थंडीत गोठलेली असावी लागतात. ऑन्टारिओत लेबलवर व्हीक्यूए ही दर्जाची खूण असलेली अक्षरंही पाहा. 'आईस्ड', 'डेझर्ट', 'लेट हार्वेस्ट' असे शब्द असतील तर ती वेगळी वाईन. वेगळी म्हणजे वाईट नव्हे. सिलेक्ट लेट हार्वेस्ट मला रोजच्या जेवणानंतर जास्त आवडते आणि खिशालाही झेपते. फक्त तिला आईसवाईनचं कूपन देऊ नका.

भारावून बाटली घेणं

शेवटच्या स्टॉलवर जीभ थकलेली असते आणि मन खूश असतं. त्या वेळी बाटली घेऊ नका. प्रत्येक वाईननंतर लगेच फोनवर चार शब्द टिपून ठेवा, कारण पाचव्या घोटाला पहिल्याची चव आठवत नाही. मग थोडं फिरा, काहीतरी खा आणि आवडलेली एकच परत चाखा.

हिशेबही मांडा. आईसवाईनची बाटली बहुधा ३७५ मिलीची असते, म्हणजे साडेबारा घोट. घोट १० डॉलरचा असेल तर त्या दराने बाटली १२५ डॉलरला पडली. तीच दुकानात ६० ला मिळत असेल तर चौघांनी मिळून घेणं परवडतं. उघडल्यावर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस नीट राहते.

दाजींनी विदालची एक बाटली घेतली. सीलबंद, ताईच्या जुन्या शालीत गुंडाळून ती चेक-इन बॅगेत गेली. निफाडला उघडली तेव्हा त्यांनी शेजारच्या दोन बागाईतदारांना बोलावलं होतं. आधी पस्तीस ब्रिक्स सांगितलं, मग प्रत्येकाला दोन-दोन चमचे दिले, आणि ताईने मध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी ठेवली.