शेळ्या लंगडायला लागल्या तेव्हा

मुळशीकडे आमची वीस गुंठे जागा. तिथे सहा उस्मानाबादी शेळ्या आणल्या. जात कोरड्या मुलखातली, आणि आमच्याकडे जूनपासून नुसती धार. जुलैत तीन लंगडायला लागल्या. एक तर पुढचे गुडघे टेकून चरायची. वाटलं, काटा मोडला असेल. खूर उलटा करून बघितला तर दोन नख्यांच्या मधे पांढरट, बुळबुळीत कातडी. वास असा की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेजारच्या धनगर मामांनी लांबूनच सांगितलं, "खूर कुजलाय. आधी पाय कोरडा ठेव, औषध मागनं."

झाडं छाटायच्या कात्रीने वाढलेली नखं थोडी थोडी कापली. आत गुलाबी दिसलं की थांबायचं, नाहीतर रक्त. मग दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट, आणि पाच-दहा मिनिटं पाय त्यात. (उभी करणं हीच खरी कसरत!) मोरचूदही वापरतात, पण ते पाणी प्यायल्या तर विषबाधा, म्हणून मी टाळलं. गुडघे टेकणारीला डॉक्टरांनी इंजेक्शनंही दिली.

तरी फरक पडला तो माचामुळे. जमिनीपासून दीड फूट उंच, लाकडी पट्ट्यांत अर्ध्या इंचाच्या फटी. लेंडी-मूत खाली, शेळ्या वर कोरड्या. खर्च बराच झाला, घरी बोलणीही खाल्ली.

यंदाच्या पावसात एकच लंगडली. तिला खरंच काटा होता.