बेळगावच्या पाण्यात आणि थंडीत दोन फुटी फिशटँक कसा मांडावा

फिशटँकची सुरुवात मासे घेण्यापासून करू नका. आधी घरात येणारं पाणी बघा, मग घरातली थंडी बघा; मासे सगळ्यांत शेवटी. दुकानात रंग बघून चार जातींचे दोन-दोन मासे पिशवीत घालून आणले की ते पटापट मरतात आणि दोष मात्र ‘नाजूक’ माशांवर येतो. बिचाऱ्यांना पाणीच मानवलेलं नसतं.

पाणी कुठलं आहे?

बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. त्यात क्लोरीन असतं, आणि तेवढं क्लोरीन माशांचे कल्ले भाजायला पुरतं. बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. खानापूरकडे जांभ्याच्या भागातलं विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं. निपाणी-चिकोडीकडे काळ्या रानातल्या बोअरचं बऱ्याचदा जड. तुमच्याकडे डाळ शिजायला वेळ लागत असेल, साबणाला फेस येत नसेल, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे. तरी पाणी तपासायचं एक साधं टेस्ट किट घ्याच, पुढेही ते लागणार आहे. जड पाण्यावर उपाय म्हणून नुसतं आरओचं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्यात माशांना लागणारे क्षारच उरत नाहीत.

टँक आणि सामान

काचेचा गोल बाउल नको. त्यात पाणी थोडं, त्यामुळे घाण लगेच साठते आणि तापमान दिवसातून दोनदा बदलतं. २४ × १२ × १२ इंचांचा टँक घ्या. त्यात ५६ लिटर मावतात. खडी वगैरे घालून ४५ ते ५० लिटर पाणी धरा. भरल्यावर त्याचं वजन साठ-सत्तर किलोच्या घरात जातं, म्हणून डुगडुगता स्टूल चालणार नाही. सपाट, भक्कम टेबल हवं, काचेखाली थर्माकोलची शीट हवी, आणि जागा खिडकीतल्या उन्हापासून लांब हवी. वर झाकण लागतंच. झेब्रा नावाचे छोटे पट्टेदार मासे तर हमखास उड्या मारतात.

या आकाराला स्पंज फिल्टर आणि नळीतून त्याला हवा देणारा एअर पंप पुरतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं आणि टँक खोलीत रिकामा होऊ लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाणं नवं नाही. एअर पंप जेमतेम काही वॅट खातो, तेव्हा तो इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका किंवा बॅटरीवरचा छोटा पंप घरात ठेवा.

हीटरच्या बाबतीत मी आग्रही आहे. बहुतेक लोकप्रिय मासे २४ ते २७ अंशांतले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांखालीही जातो. लिटरमागे एक वॅट असा ढोबळ हिशेब सांगतात, पण इथल्या थंडीला थर्मोस्टॅटवाला १०० वॅटचा घ्या. पाण्याबाहेर तो चालू ठेवू नका, आणि पाणी बदलताना आधी बंद करा. दिवा सहा ते आठ तास पुरे. जास्त लावला तर शेवाळ माजतं.

मासे आणण्याआधीचा महिना

ही पायरी गाळली की बाकी सगळं वाया जातं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही विषारी. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. काम लवकर होतं. किटवर अमोनिया चढून पुन्हा शून्यावर आला, मागोमाग नायट्राइटही शून्यावर आलं, की टँक तयार.

कोणाची कोणाशी जमते

पाणी जड असेल तर सहा नर गप्पी आणि तीन नर प्लॅटी. माद्या घेतल्या तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतात आणि टँक पुरत नाही. पाणी हलकं असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा पिग्मी कोरी आणि एक हनी गुरामी. कोरींसाठी खडी टोकदार नको, बारीक वाळू घाला. टोकदार खडीने त्यांच्या मिशा सोलवटतात. निऑन टेट्राचा मोह झाला तर टँक दोन-तीन महिने मुरू द्या. आणि हीटर नकोच असेल तर आठ झेब्रांचा थवा घ्या: आपल्याच देशातला मासा, गारव्याला सरावलेला.

थव्याने राहणाऱ्या जातीचे मासे सहापेक्षा कमी आणू नका. एकटे-दुकटे राहिले की घाबरून कोपरा धरतात किंवा दुसऱ्यांना चावतात.

एंजल आणि निऑन दोन्ही ॲमेझॉन खोऱ्यातले, पण वाढलेला एंजल निऑन गिळतो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. नर फायटर गप्पीलाच प्रतिस्पर्धी समजून तुटून पडतो. गोल्डफिश थंड पाण्यातला आणि फार घाण करणारा. त्याला वेगळा, मोठा टँक हवा. ‘काच साफ करतो’ म्हणून देतात तो सकर फूटभर वाढतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळताही येत नाही.

सोडताना आणि नंतर

पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी टँकमधलं थोडं पाणी तिच्यात घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये नको. सगळे एकदम आणू नका. एक जात आली की दोन आठवडे थांबा.

दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन घालवलेलं आणि त्याच तापमानाचं. स्पंज नळाखाली धुऊ नका, जिवाणू मरतील. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा.

नको झालेला मासा किल्ला तलावात, मार्कंडेय नदीत किंवा शेततळ्यात सोडू नका. सकरसारखे परके मासे तिथे वाढून आपल्या माशांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतात. मोठा झालेला मासा परत घेणार का, हे दुकानदाराला विकत घेतानाच विचारून ठेवा.