न दिसणारं दुखणं आणि रोजचं काम: मिनिटांचा हिशेब

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. मूळ इजा अनेकदा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था जास्त संवेदनशील झालेली असते आणि साध्या हालचालीलाही ती धोक्याची घंटा वाजवते. एमआरआयमध्ये ही संवेदनशीलता दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग दुखतंय कसं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. उलट मणक्याची झीज दिसूनही काहीच न दुखणारी माणसं भरपूर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. डॉक्टरांशी बोलताना हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती एक सवय: बरं वाटलं की साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचं. अशा वेळी वेदना उशिरा येते, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून "दुखायला लागलं की थांबेन" हा नियम चालत नाही. थांबायचं ते घड्याळ बघून.

त्यासाठी आधी मोजा. समजा, खुर्चीत बसून काम करायचं आहे. पाच दिवस रोज नोंदवा की बसल्यापासून किती मिनिटांनी दुखणं नेहमीपेक्षा स्पष्ट वाढलं. ४०, २५, ३०, २० आणि ३५ मिनिटं आली, तर सरासरी ३०. त्यातली २० टक्के कमी करा, उरली २४. ही तुमची सुरुवातीची मर्यादा. चोविसाव्या मिनिटाला गजर लावा आणि काहीही दुखत नसलं तरी उठा. चार-पाच मिनिटं उभं राहा, चाला, खांदे सैल करा. मान खाली घालून फोन बघणं ही विश्रांती नव्हे, मानेला तोच ताण पडतो. आठवडा नीट गेला तर मर्यादा सुमारे १० टक्क्यांनी वाढवा, म्हणजे २६ मिनिटं. नीट नाही गेला तर आहे तिथेच थांबा.

गणित बिघडतं ते दोन ठिकाणी. फक्त चांगल्या दिवशी मोजलं की मर्यादा फुगते आणि पहिल्याच आठवड्यात कोसळते. वाईट दिवसही धरलेच पाहिजेत. दुसरं म्हणजे चांगल्या दिवशी "अजून दहा मिनिटं" ओढणं. हे टाळणं खरंच कठीण आहे, कारण त्या दिवशी अंगात जोर असतो आणि मागचं राहिलेलं डोळ्यांसमोर असतं. तरीही उठा. उभं राहणं, चालणं, ओझं उचलणं यांची मर्यादा वेगवेगळी मोजावी लागते. एकीवरून दुसरी काढू नका.

डायरी दिवसातून तीनदाच लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, काय काम किती वेळ केलं, झोप किती, औषध कधी. तासातासाला लिहिलं तर लक्ष सतत दुखण्यावरच राहतं.

हीच मिनिटं साहेबांसमोर ठेवायची. "खूप दुखतं" म्हटलं की समोरचा आपल्या पाठदुखीशी तुलना करतो. त्याऐवजी सांगा: "मी सलग २५ मिनिटं बसू शकते, मग पाच मिनिटं उभं राहावं लागतं. एवढी मुभा मिळाली तर दिवसाचं काम पूर्ण होईल. महिनाभर करून बघू आणि मग पुन्हा बोलू." बोलणं झाल्यावर तेच ईमेलने पाठवा. एका वेळी एकच सोय मागा: लांब मीटिंगमध्ये उभं राहण्याची, किंवा एकाग्रतेचं काम तुमच्या बऱ्या वेळेत ठेवण्याची. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं निदान नको. किती वेळ बसता येतं, किती वजन उचलता येतं, हेही लिहून घ्या. कार्यालयाच्या उपयोगाचं तेच असतं.

घरचे म्हणतील, "काल तर छान हिंडत होतीस की!" वाद घालू नका. "हो, त्यासाठी परवाचा दिवस मोकळा ठेवला होता, आणि आज त्याची भरपाई चालू आहे." एवढं पुरे.

औषधांबाबत दोन गोष्टी. डोकेदुखीसाठी साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतली, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागू शकतं. मिश्र गोळ्यांची, म्हणजे एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं असतात त्यांची, मर्यादा १० दिवसच. आणि नसांच्या दुखण्यासाठी रोज चालू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर लगेच रुग्णालयात जा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवा. हे नेहमीचं दुखणं समजून अंगावर काढू नका.

दुखणं उसळणारच, म्हणून त्या दिवसांचा कागद आधीच तयार ठेवा. दोन-तीन दिवस सगळ्या मर्यादा निम्म्या, पण पूर्ण झोपून राहणं नाही. त्याने सांधे आखडतात. शेकायचं तर मध्ये कापड ठेवून १५-२० मिनिटं. कामावर पाठवायचा निरोपही फोनमध्ये लिहून ठेवा: "आज दुखणं वाढलंय. अमुक काम दुपारपर्यंत देते, तमुक उद्यावर जाईल." ऐन कळा येत असताना शब्द सुचत नाहीत. उसळी ओसरली की पहिल्याच दिवशी जुन्या मर्यादेवर उडी मारू नका. १२ मिनिटांवरून १६, मग २०, मग २४.